बर्फाचा जिवंत ज्वालामुखी बघायला जायचंय? खान्देशातून निघणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

पहिलं आणि महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो. बर्फाने झाकलेला जिवंत ज्वालामुखी बघायचा असेल तर तो लांबून बघायचा, आणि लांबून म्हणजे नेमकं कुठे उभं राहून, हे ठरवणं हेच या ट्रिपमधलं खरं काम आहे. व्हिसा, तिकीट, हॉटेल हे कुठलाही ट्रॅव्हलवाला करून देईल. पण डोंगर समोर दिसतोय, खाली नदी वाहतेय, नदीकाठी स्वस्तातलं मस्त हॉटेल आहे, तिथे बुकिंग करायचं की नाही हे तो सांगणार नाही, ते आपलं आपल्याला कळायला पाहिजे. जळगाव-धुळ्याकडून हल्ली जपान-युरोपला जाणारे बरेच झालेत, ग्रुपवर जपानच्या फुजी ज्वालामुखीचे फोटो येतात, इटलीतल्या एटनाचे लाल-पांढरे व्हिडिओ येतात, आणि मी शाळेत भूगोल शिकवतो म्हणून मग मला फोन सुरू होतात की सर कधी जायचं, कुठे थांबायचं, वर चढू देतात का. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न वेगळाच असतो, तठे काय शे येवढं देखाले? त्यांनाही उत्तर द्यायचंय, ते पुढे येईलच.

आधी बर्फाचं समजून घ्या, कारण सगळं तिथेच आहे. आपल्याला वाटतं धोका म्हणजे लाव्हा. लाव्हा बहुतेक वेळा इतका सावकाश येतो की धडधाकट माणूस चालत बाजूला होऊ शकतो. बर्फाच्या ज्वालामुखीवर लांबलांबच्या गावांचा जीव घेतो तो चिखल. शिखरावर वर्षानुवर्षांचं बर्फ साठलेलं असतं, म्हणजे डोंगराच्या डोक्यावर पाण्याचा साठाच, आणि तापलेली राख नि दगड त्यावर पडले की ते झपाट्याने वितळतं, मग ते पाणी वाटेतली राख, माती, झाडं, पूल असं जे सापडेल ते उचलत नदीच्या पात्रातून खाली सुटतं. याला लहार म्हणतात. आपल्याकडे वर सातपुड्यात पाऊस कोसळतो आणि खाली चोपडा-यावलच्या बाजूला लख्ख उन्हात कोरड्या नाल्याला पूर येतो, पात्रात खेळणाऱ्या पोरांना पत्ताच नसतो, अगदी तसंच हे, फक्त पाण्याऐवजी घट्ट जड चिखल आणि त्यात घराएवढे दगड.

१३ नोव्हेंबर १९८५, कोलंबियातला नेवाडो देल रुईझ. हा ५३०० मीटरच्या वरचा डोंगर, माथ्यावर कायमचं बर्फ. रात्री नऊच्या सुमारास उद्रेक झाला, तसा तो मोठा नव्हताच, शिखरावरच्या बर्फाचा जेमतेम दहावा हिस्सा वितळला. पण तेवढ्याने जो चिखल सुटला तो साधारण अडीच तासांत आर्मेरो नावाच्या गावावर येऊन आदळला, हे गाव डोंगरापासून जवळपास ५० किलोमीटर लांब, तिथून शिखरावरची आग दिसण्याचाही प्रश्न नव्हता. एकूण साधारण २३,००० माणसं गेली. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की महिनाभर आधी धोक्याचा नकाशा तयार झाला होता आणि आर्मेरो त्या पट्ट्यात दाखवलेलं होतं, १८४५ साली त्याच जागी असाच चिखल येऊन गेला होता, त्या दिवशी दुपारपासून गावात राख पडत होती, आणि लोकांना घरातच शांत बसा असं सांगितलं गेलं. अडीच तास म्हणजे केवढा वेळ झाला. कडेच्या उंचवट्यावर चालत गेले असते तरी हजारो माणसं वाचली असती.

आणि उद्रेक व्हायलाच पाहिजे असंही नाही. न्यूझीलंडमध्ये रुआपेहू म्हणून ज्वालामुखी आहे, त्यावर लोक स्कीइंग करतात, वर विवरात तळं आहे. १९५३ च्या २४ डिसेंबरला रात्री, म्हणजे ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, डोंगर गप्प असताना त्या तळ्याचा बांध फुटला, लोंढ्याने तांगिवाईचा रेल्वे पूल खिळखिळा केला आणि वेलिंग्टनहून ऑकलंडला निघालेली एक्सप्रेस नदीत गेली, १५१ लोक मेले. म्हणून मी कुणाला काही एकच गोष्ट लक्षात ठेवायला सांगतो तर ती ही, की डोंगर बघा पण नदी आधी बघा. राहायची जागा निवडताना नकाशात डोंगरावरून निघणाऱ्या दऱ्या बोटाने खालपर्यंत काढत या, तुमचं हॉटेल त्या रेषेवर येत असेल तर दुसरं बघा. उंचवट्यावर, सोंडेवर, नाहीतर मध्ये तळं असेल तर तळ्याच्या पलीकडे. नजारासुद्धा तिथूनच चांगला मिळतो, बरं का.

आता कुठला ज्वालामुखी निवडायचा. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी फुजी किंवा एटना यातलंच एक सांगतो. हिमालयात का नाही असं बरेच जण विचारतात, तर हिमालय दोन खंड एकमेकांवर रेटले जाऊन वर आलाय, तिथे जिवंत ज्वालामुखी नाही. भारतात जिवंत असा बॅरन आयलंड, अंदमानात, आणि तिथे बर्फाचा संबंध नाही. आणि आपण स्वतः ज्वालामुखीच्या दगडावरच राहतो हे विसरू नका, विहीर खोदताना लागतो तो काळा दगड ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. धुळे-नंदुरबार-साक्रीच्या बाजूला शेतांमधून लांबच लांब सरळ जाणाऱ्या भिंतीसारख्या टेकड्या दिसतात ना, त्यांना डाईक म्हणतात, जमिनीच्या भेगांमध्ये लाव्हा शिरून थिजला त्या या भिंती. आपला लाव्हा पातळ होता, भेगांमधून निघाला आणि पसरत गेला म्हणून आपल्याकडे पायऱ्या-पायऱ्यांचे सपाट माथ्याचे डोंगर झाले. फुजीसारख्या ठिकाणी राख, दगड आणि लाव्हा एकाच तोंडाभोवती थरावर थर साचत गेले, म्हणून तो उभा सुळका. ती जी चारी बाजूंनी सारखी उतरणारी रेघ आहे, जिच्यासाठी आपण एवढे पैसे घालून जातो, ती उद्रेकांनीच घडवलेली आहे.

फुजी ३७७६ मीटर. शेवटचा उद्रेक १७०७ साली, डिसेंबरात सुरू झाला, राख आताच्या टोकियोवर पडली, साधारण १०० किलोमीटरवर. तेव्हापासून गप्प आहे पण जपान सरकारच्या यादीत तो जिवंतच आहे आणि त्याच्या धोक्याच्या नकाशात बर्फ वितळून चिखल कुठून कुठून येईल त्या वाटा वेगळ्या काढून दाखवल्यात. इथे लोकांचा एक घोळ होतो. चढाईचा सीझन जुलै ते सप्टेंबरची सुरुवात, आणि त्या दिवसात फुजी काळा-तपकिरी दिसतो, कॅलेंडरवरचा पांढरा फुजी नव्हे. पांढरा पाहिजे तर डिसेंबर ते मार्च जा, आणि तेव्हा वर चढायचं नाव काढू नका, बर्फ घोटून काचेगत झालेलं असतं, वारा माणसाला उचलून टाकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा भरवसा धरू नका, २०२४ साली नोव्हेंबरचा पहिला आठवडा सरेपर्यंत बर्फच आलं नव्हतं, १८९४ पासूनच्या नोंदींमध्ये एवढा उशीर कधी झालेला नव्हता.

टोकियोतल्या शिंजुकूहून कावागुचिको तळ्यावर बसने दोनेक तासात पोचता येतं. मुक्काम तळ्याच्या उत्तर काठाला करा, डोंगर समोर येतो. आणि मुक्काम कराच, सकाळी येऊन संध्याकाळी परत असं करू नका, कारण दिवस चढला की बऱ्याचदा ढग जमायला लागतात, खरा फुजी पहाटेचा. साडेसहाच्या आसपास उठून काठावर उभं राहायचं, तळ्यावरून थंडी येत असते, डोंगर आधी नुसता राखाडी दिसतो, मग सगळ्यात वरच्या टोकाला बोटभर गुलाबी लागतं आणि ते गुलाबी बघता बघता खाली उतरतं, दोन-तीन मिनिटं आख्खं बर्फ शेंदरी होतं आणि मग एकदम पांढरं. त्याच वेळी टोकावरून एका बाजूला पांढरं फरफरताना दिसेल, नवीन माणूस धूर धूर म्हणून ओरडतो, ते वाऱ्याने उडालेलं बर्फ असतं. टोकियोहून क्योतोकडे शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने जाणार असाल तर उजव्या हाताची खिडकी मागून घ्या, सीटचं अक्षर ई, फुकटात फुजी दिसतो.

एटना हा वेगळाच प्रकार. इटलीच्या सिसिली बेटावर, कटानिया शहराच्या डोक्यावर, साधारण ३४०० मीटर, उंची उद्रेकांनी कमीजास्त होत राहते. हा झोपलेला नाही, जवळजवळ दरवर्षी काही ना काही चालूच, आणि डिसेंबर ते मार्च वर चांगलं बर्फ असतं, दोन बाजूंना स्कीइंगची ठिकाणं आहेत. म्हणजे एकाच फ्रेममध्ये पांढरं बर्फ, लाल लाव्हा आणि खाली निळा समुद्र, असं जगात फार थोड्या ठिकाणी मिळतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर एका तोंडातून गोल गोल वाफेची कडी निघत होती, आकाशात तरंगत जाणारी, तासन् तास. बघायला सगळ्यात चांगलं ताओर्मिनाच्या जुन्या ग्रीक नाट्यगृहाच्या पायऱ्यांवरून, किंवा चिर्कुमेतनेआ नावाची छोटी रेल्वे आहे जी डोंगराला वळसा घालते, तिच्यातून सगळ्या बाजूंनी दिसतो. वर जायचं असेल तर रिफुजिओ सापिएंझापर्यंत, म्हणजे १९०० मीटरपर्यंत गाडीरस्ता आहे, तिथून केबल कार २५०० पर्यंत नेते. त्याच्या वर गाईड घ्या, त्यावर वाद घालू नका, आणि कुठल्या उंचीपर्यंत सोडायचं हे तिथलं प्रशासन त्या त्या वेळची परिस्थिती बघून ठरवतं, गाईड खाली थांबवतोय म्हणजे पैसे लुबाडतोय असं समजू नका.

एटनावरचा बर्फाचा धोका कसा असतो ते १६ मार्च २०१७ ला दिसलं. लाव्हा सावकाश बर्फावरून सरकत होता, पर्यटक आणि बीबीसीची टीम जवळ उभी होती, लाव्ह्याखाली बर्फाची वाफ कोंडली आणि धाडकन स्फोट झाला, उकळते दगड उडाले, दहाएक लोक जखमी झाले. बर्फावर लाव्हा चालला असेल तर तो कितीही शांत वाटला तरी जवळ जायचं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा बर्फातून लाव्हा वाहिला तेव्हा बघायला एवढी गर्दी झाली की मदतीच्या गाड्यांना रस्ता मिळेना. आणि २ जून २०२५ ला विवराची एक बाजू ढासळून राखेचा मोठा लोट खाली आला, पर्यटक पळत सुटले, सुदैवाने कुणाला काही झालं नाही.

मेक्सिकोचा पोपोकातेपेत्ल, इक्वाडोरचा कोतोपाक्सी, चिलीचा व्हियारिका हे दुसऱ्या-तिसऱ्या ट्रिपला ठेवा. पोपोकातेपेत्लच्या १२ किलोमीटरच्या आत जायला बंदी आहे आणि ती पाळा, चोलुला गावातून टेकडीवरचं चर्च आणि मागे धूर सोडणारा डोंगर असं सुंदर दिसतं, काहीच कमी पडत नाही. कोतोपाक्सी ५८९७ मीटर, तिथे विरळ हवेचाच प्रश्न आधी येतो. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर, आपण सपाटीची माणसं, २५०० मीटरच्या वर डोकं दुखणं, मळमळणं सुरू होऊ शकतं, आणि कोतोपाक्सीला तर गाडीच ४६०० पर्यंत नेऊन सोडते. क्वितो शहरात दोन-तीन दिवस काढल्याशिवाय वर जायचंच नाही.

तिकीट काढायच्या आधी आणि नंतर रोज बघायची गोष्ट म्हणजे धोक्याची पातळी. जपानमध्ये ती १ ते ५ अशी असते आणि तिथलं हवामान खातं जाहीर करतं. इटलीत आयएनजीव्ही ही संस्था एटनावर लक्ष ठेवते. मेक्सिकोत सिग्नलसारखे हिरवा-पिवळा-लाल, आणि चिलीतल्या पुकोन गावात तर व्हियारिकाची परिस्थिती सांगणारा खराखुरा सिग्नलच लावलेला आहे. विमानवाल्यांसाठी हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे वेगळे रंग असतात. सगळं मोबाईलवर मिळतं, भाषा अडली तर ट्रान्सलेट करून घ्या.

पण पातळी खालची आहे म्हणजे निर्धास्त, असं मुळीच नाही. जपानचा ओंताके, ३०६७ मीटर, २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, पानांचे रंग बदलायचे दिवस, दुपारी ११.५२ ला लोक माथ्यावर डबे उघडून बसलेले. पातळी १ होती, म्हणजे सगळ्यात खालची. खालचं पाणी तापून वाफेचा स्फोट झाला, अशा स्फोटाआधी इशारा फार थोडा मिळतो, कधी मिळतच नाही. ५८ लोक मेले, ५ जण सापडलेच नाहीत, बरेचसे उडालेल्या दगडांनी गेले. तसंच २३ जानेवारी २०१८ ला कुसात्सु-शिराने डोंगरावर, चालू स्की रिसॉर्टमध्ये, ज्या बाजूकडे कुणाचं लक्ष नव्हतं तिथून स्फोट झाला, दगड केबल कारच्या डब्यांवर येऊन पडले, सरावाला आलेला एक सैनिक दगावला. म्हणून माथ्यावर, विवराच्या काठावर जेवढा कमी वेळ काढाल तेवढं चांगलं. फोटो काढा आणि उतरा, डबा खाली येऊन खा.

तयारीचं बोलू. चालण्याची सवय दोन-तीन महिने आधीपासून लावा. आपल्याकडे डोंगर नाहीत ही तक्रार मला पटत नाही, तोरणमाळ आहे, चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या वरचा कण्हेरगड आहे, धुळ्याला लळिंगचा किल्ला हायवेवरच आहे, नंदुरबारकडची मंडळी दिवाळीत अस्तंभ्याची यात्रा चढतातच. चैत्रात वणीच्या गडाला पायी जाणाऱ्यांना तर दमाची काळजीच नाही. थंडीचा सराव मात्र आपल्याला इथे मिळत नाही, त्यामुळे कपड्यात हात आखडू नका. आपण कापसाच्या मुलखातले, पण बर्फात अंगाला चिकटून सुती कपडा घालायचा नाही, घामाने ओला झाला की वाळत नाही आणि गारठवतो. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. बूट घोट्याच्या वर येणारे, खाली खाच असलेले, आणि इथेच महिनाभर वापरून पायात बसवून घ्या. गॉगल चांगल्या यूव्हीचा, कारण बर्फावरून उलटं येणारं ऊन डोळे भाजतं, मे महिन्यातल्या आपल्या उन्हाची सवय असली तरी. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुडीपाशीसुद्धा लावा.

बॅगेत यापेक्षा वेगळं काय तर एन-९५ मास्क माणशी दोन-तीन, डोळ्याला घट्ट बसणारा पारदर्शक चष्मा, डोक्याला हेल्मेट (गाईड देतो, नसेल देत तर मागा), टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक, पाणी. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या दिवशी काढून साधा चष्मा लावा, राख आत गेली तर बुबुळ ओरखडतं. दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारूनच ठरवा आणि इनहेलर खिशात ठेवा, बॅगेत नको.

खाण्याचं आपल्या लोकांना लागतंच म्हणून सांगतो. गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की हे थंडीत कामाचं, पटकन ताकद येते. युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, बर्फी, खवा इथेच ठेवा, विमानतळावर टाकून द्यावे लागतात. मजा म्हणजे ताजी फळं न्यायला तिकडे सर्टिफिकेट लागतं पण केळ्याला लागत नाही, अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी एवढ्यांनाच सूट आहे, म्हणजे रावेरची केळी इटलीत चालतात. जपानला मात्र ताजं फळ काहीच नेऊ नका, वेफर्सच न्या.

इन्शुरन्स घेताना दोन गोष्टी वाचून घ्या, किती मीटर उंचीपर्यंतचं चालतं आणि ज्वालामुखीमुळे विमान रद्द झालं तर पैसे मिळतात का. शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतंच, पण त्यात या दोन गोष्टी असतीलच असं नाही. आणि उद्रेक सुरू झाल्यावर घेतलेल्या पॉलिसीत बहुतेक वेळा तो उद्रेक धरत नाहीत, म्हणून तिकिटाबरोबरच काढा.

तिथे पोचल्यावर डोंगर वाचायला शिका, याचं कुठलं फी भरून शिक्षण नाही, बघत राहायचं. धूर पांढरा असेल तर बहुतेक वाफ. करडा किंवा काळा झाला की त्यात राख आहे. पांढऱ्या बर्फावर काल नव्हता असा काळा पट्टा दिसतोय, एखादा ठिगळाएवढा भाग अचानक उघडा पडलाय, तर गाईडला दाखवा. माथ्यावर ढगाची टोपी बसली तर वारा-पाऊस येतोय, निघायचं. नदीचं पाणी एकदम गढूळ झालं, किंवा त्याहून वाईट म्हणजे एकदम कमी झालं, तर वर कुठेतरी अडलंय आणि सुटणार आहे. आणि मालगाडी येतेय असा घुमणारा आवाज दरीतून आला, जमीन थरथरली, तर मागे न बघता कडेने वर चढायचं. नदीच्या बाजूने खाली पळायचं नाही, गाडीत बसून पुलावर जायचं नाही. सरळ वर, उंचवट्यावर. रुआपेहूवर स्कीइंग करणाऱ्यांनाही हेच शिकवतात की भोंगा वाजला की दरी सोडा, सोंडेवर जा.

गॅसचं लोक विसरतात. सडक्या अंड्याचा वास आला की हायड्रोजन सल्फाइड, पण जास्त झाला की नाक मरतं आणि वास येणंच बंद होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं धरू नका. कार्बन डायऑक्साइडला तर वासच नाही, तो जड असतो, खळग्यात साठतो. बर्फात हे जास्त वाईट, कारण वाफेच्या भोकावर वरून बर्फाचं पातळ छत तयार होतं आणि खाली पोकळी. २००६ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅमथ माउंटन ज्वालामुखीवर स्की पेट्रोलचे, म्हणजे स्कीइंगच्या उतारावर गस्त घालणारे लोक असं भोक कुंपण घालून सुरक्षित करायला गेले, बर्फ खचून दोघं आत पडले, वाचवायला उतरलेला तिसराही गेला. ही रोज त्याच डोंगरावर काम करणारी माणसं होती. म्हणून कुंपण, दोरी, लाल झेंडा दिसला की तिथे थांबायचं, खळग्यात बसून विश्रांती घ्यायची नाही, आणि कुणी आत पडलं तर उडी न मारता दोरी आणि मदत बोलवायची, हे सांगायला सोपं आहे, आपलं माणूस असलं तर फार अवघड, पण आधीच मनाशी पक्कं करून ठेवा.

दगड उडायला लागले तर पाठ करून सैरावैरा पळू नका, वर बघा, अंगावर येणारा चुकवा, मोठ्या खडकाआड किंवा पक्क्या निवाऱ्यात शिरा, सॅक डोक्यावर धरा. जमिनीला धरून येणारा राखेचा तापलेला लोट, तो मात्र पळून चुकवता येत नाही, ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जातो आणि आत शेकडो अंश तापमान असतं. त्याच्यावर उपाय एकच, तो पोचेल तिथे मुळात नसणं. बंदीची रेघ त्यासाठीच आखलेली असते.

राख म्हणजे आपल्या चुलीतली राख समजू नका. ती दगड आणि काचेचा चुरा असते. कटानियात राख पडली की रस्ताभर काळी रेती होते, दुचाकी बंद करतात, गाड्यांना ताशी ३० ची मर्यादा लावतात. बोटाच्या चिमटीत धरून चोळली की टोचते, दातात गेली की करकर वाजते, चष्मा पुसायला जाल तर काचेवर ओरखडे पडतात, आधी फुंकून आणि मग पाण्याने धुवायचा. गाडीच्या काचेवर कोरडा वायपर फिरवू नका. कॅमेऱ्याची लेन्स बाहेर बदलू नका. खोलीच्या खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं, बाहेर जायचंच तर मास्क. ओली झाली की राख भलतीच जड होते, त्यामुळे पत्र्याच्या हलक्या छपराखाली उभं राहू नका.

परतीचं विमान आणि मुंबईहून जळगावची गाडी यात एक दिवस तरी मोकळा ठेवा, कटानियाचा विमानतळ राखेने बंद होतो हे नेहमीचं आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडमध्ये बर्फाखालचा एक ज्वालामुखी उडाला, एय्याफ्यात्लायोकुत्ल, तेव्हा युरोपातली साधारण १ लाख विमानं रद्द झाली होती. औषधं चार दिवसांची जास्त घ्या.

ज्यांना यंदा जमत नाही त्यांनी घरबसल्या कॅमेरे बघा, आजी-आजोबांना पण दाखवा, तठे काय शे त्याचं उत्तर आपोआप मिळतं. मेक्सिकोत सेनाप्रेड या संस्थेचे कॅमेरे पोपोकातेपेत्लवर चोवीस तास लावलेले आहेत, आपल्याकडे सकाळचे आठ म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ, चहा घेता घेता माथ्यावरचा लाल उजेड दिसतो, मोठा स्फोट झाला तर अंगारे उतारावर घरंगळताना दिसतात. एटना बघायचा तर हिवाळ्यात रात्री अकराला, तिकडे साडेसहाची संध्याकाळ असते. फुजीची हिवाळ्यातली पहाट आपल्या तीनच्या सुमाराला, उठणाऱ्यांनी उठावं. जायच्या आधी महिनाभर हे रोज बघा आणि धुराचा रंग, वाऱ्याची दिशा, तिथल्या संस्थेने त्या दिवशी काय पातळी लावली हे वहीत टिपत जा, माझ्या नववीच्या वर्गातली पोरं हे करतात आणि पांढरा धूर कधी करडा झाला ते आता माझ्या आधी सांगतात.